आमच्या बंधाऱ्यावर टर्बाइन बसवायचं म्हणतात. ग्रामसभेत काय काय विचारू?

पाटकऱ्याचा_नातू · सोमवार, रात्री ९.१२

नमस्कार मंडळी. धागा जरा लांबेल, सांभाळून घ्या.

आमचं गाव साक्री तालुक्यात, पांझरेच्या काठाला. नाव मुद्दाम लिहीत नाही. ओळखणारे ओळखतील, पण ओळखलं तरी इथे लिहू नका. गावाला फडाचा दगडी बंधारा आहे. खान्देशाबाहेरच्यांसाठी दोन ओळी: बंधाऱ्यातून पाट निघतो. पाटाखालची जमीन, म्हणजे थळ, तीन-चार फडांत वाटलेली असते. एका फडात त्या हंगामाला सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं, आणि प्रत्येकाचा तुकडा बहुतेक प्रत्येक फडात असतो. त्यामुळे पाणी कमी पडलं तर एकाचं वाळलं नि दुसऱ्याचं पिकलं असं होत नाही, सगळ्यांचं मिळून कमी होतं. पाणी द्यायला पाटकरी, त्याच्यावर हवालदार, राखणीला जागल्या. पांझरा, मोसम, आराम या नद्यांवर ही रीत तीन-चारशे वर्षांची आहे. माझे आजोबा पाटकरी होते. आता निम्मं थळ विहिरींवर गेलंय, फड दोनच उरलेत, पण बंधारा धड आहे आणि पाट वाहतो.

तर गेल्या आठवड्यात दोन साहेब लोक गाडी घेऊन आले. लॅपटॉपवर चित्रं दाखवली. बंधाऱ्यावर १०० किलोवॉटचं लघुजलविद्युत. पाणी खर्च होत नाही, यंत्रातून फिरून जसंच्या तसं नदीत. धूर नाही, विस्थापन नाही. गावाला वर्षाचं भाडं, गल्लीतले दिवे फुकट, दोन पोरांना नोकरी. येत्या रविवारी ग्रामसभा आहे, तिथे ठराव हवाय त्यांना.

मी विरोधात नाही. खरं सांगायचं तर मला आवडलंच. रात्रपाळीच्या लाइटीला पाणी भरून भरून आमची पिढी म्हातारी झाली. पण आजी म्हणते, "फुकटचा दिवा मागून महाग पडस." म्हणून विचारतो. रविवारी काय काय विचारू?

---

अहिराणी_भो · सोमवार, रात्री ९.३१

पांझराले पानीच नही ते लाइट कथाईन यी भो? मार्चमा आमना पोरं नदीमा क्रिकेट खेळतस. त्या टर्बाइनले स्टंप करा.

---

टर्बाइन_मिस्त्री · सोमवार, रात्री १०.०५

वरचा भाऊ गंमत करतोय, पण मुद्दा तोच आहे.

मी मूळचा शिरपूरचा, वीस वर्षं लहान वीजघरांच्याच कामात, बरीचशी हिमाचल आणि नेपाळमध्ये. आधी पाटीगणित करू. सेकंदाला एक घनमीटर पाणी एक मीटर खाली पडलं तर कागदावर ९.८ किलोवॉट मिळतात. टर्बाइन, जनरेटर, गिअर यांची खोट वजा करून लहान यंत्रात ७ धरा. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८.३ लिटर.

आता तुम्ही सांगा: बंधाऱ्यावरून पाणी किती उंचीवरून पडतं, आणि रब्बीत पाटाला नि नदीला मिळून किती पाणी असतं?

---

पाटकऱ्याचा_नातू · सोमवार, रात्री १०.२०

पडतं तीन मीटर. पाणी, चांगलं साल असेल तर दिवाळीपासून होळीपर्यंत २५-३० क्युसेक. वरच्या धरणातून सोडलं तर काही दिवस जास्त. पावसाळ्यात विचारूच नका, बंधारा दिसतसुद्धा नाही.

---

टर्बाइन_मिस्त्री · सोमवार, रात्री १०.४४

३० क्युसेक म्हणजे ०.८५ घनमीटर. गुणिले ३, गुणिले ७. आले १८ किलोवॉट. १०० नाही.

१०० हवे असतील तर तीन मीटरवर जवळजवळ १७० क्युसेक लागतील. एवढं पाणी तुमच्याकडे पावसाळ्यात, आणि तेव्हा बंधारा पाण्याखाली. वरचं नि खालचं पाणी जवळपास एका पातळीला आलं की पडायला उंचीच राहत नाही, टर्बाइन बंद. कमी उंचीच्या वीजघरांचं हे जुनं दुखणं आहे: पूर असतो तेव्हा उंची नसते, उंची असते तेव्हा पाणी नसतं.

मग त्यांनी १०० कुठून काढले? दोन शक्यता. एक, नुसती थाप. दोन, त्यांच्या आराखड्यात असं काहीतरी आहे जे तुम्हाला दाखवलं नाही. कागद दिलाय का काही?

---

केळीबाग_रावेर · मंगळवार, सकाळी ७.०२

पहाटे बागेत पाणी चालू करून वाचतोय. मिस्त्रींचं १८ धरलं आणि पाणी पाच महिने अखंड चाललं असं मानलं, तरी १८ × २४ × १५० म्हणजे ६५ हजार युनिट. आपल्या उन्हात एक किलोवॉटचे पॅनल वर्षाला चौदाशे-साडेचौदाशे युनिट सहज देतात. म्हणजे ४५ किलोवॉटचे पॅनल शाळेच्या, पंचायतीच्या आणि दूध डेअरीच्या पत्र्यावर टाका, विषय संपला. ना नदीला हात, ना बंधाऱ्याला. साक्री तालुक्यातच शिवाजीनगरला १२५ मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा आहे, ऊन काय असतं ते तुम्हाला मी सांगायला नको.

लहान जलविद्युत खान्देशात म्हणजे हौस आहे. कोकणात शोभते, इथे नाही.

---

टर्बाइन_मिस्त्री · मंगळवार, सकाळी ८.१५

@केळीबाग, या बंधाऱ्यापुरतं सहमत, आणि हे मी पोटावर पाय देऊन लिहितोय! पण सरसकट नको. पाणी रात्रीही वाहतं, ऊन नाही. जिथे धरण आधीच बांधलेलं आहे आणि आवर्तनाचं, म्हणजे शेतीच्या ठरल्या पाळीचं, पाणी कालव्यात सोडावंच लागतं, तिथे धरणाच्या पायथ्याशी किंवा कालव्याच्या फॉलवर (पाणी पायरीसारखं खाली पडतं तिथे) टर्बाइन लावणं हा सगळ्यांत कमी पापाचा प्रकार आहे. नवी जमीन बुडत नाही, नवी नदी अडत नाही. राज्याने २००५ मध्ये २५ मेगावॉटपर्यंतच्या प्रकल्पांत खाजगी लोकांना यायची वाट करून दिली, तिच्यात असे पायथ्याचे प्रकल्प बरेच आहेत. अट एकच: आवर्तन शेतीच्या वेळापत्रकाने सुटलं पाहिजे, विजेच्या नाही. वीज ही त्या पाण्यावरची पाहुणी. पाहुण्याने पंगतीची वेळ ठरवायची नसते.

---

डोंगरवाट_धडगाव · मंगळवार, दुपारी १.४०

"खान्देशात हौस आहे" हे वाचून राहवलं नाही.

आमच्या अक्राणीत, म्हणजे धडगाव तालुक्यात, बिलगाव आहे. २००३ साली तिथे उदई नदीच्या धारेवर १५ किलोवॉटचं वीजघर उभं राहिलं. केरळच्या पीपल्स स्कूल ऑफ एनर्जीचे दोन तरुण अभियंते आणि गावचे पावरा, भिल लोक. दगड, वाळू, सिमेंट माणसांनी डोक्यावर वाहिलं, पाट माणसांनी खोदला. धबधब्याच्या वर छोटा बांध, पाट, टाकी, नळ, खाली टर्बाइन. पाड्यापाड्यांवर दिवे लागले, नर्मदा आंदोलनाच्या जीवनशाळेत दिवा लागला. कोणाकडे किती दिवे, बिघडलं तर दुरुस्ती कोण करणार, सगळं गावाने बसून ठरवलं. त्याआधी डोमखेडीला याहून लहान प्रयोग झाला होता, मोजक्या वॉटचा, तो सरदार सरोवराच्या पाण्यात गेला.

आणि बिलगावचंही तेच झालं. २००६ च्या मार्चमध्ये धरण ११०.६४ वरून १२१.९२ मीटर करायला परवानगी मिळाली, ऑगस्टच्या पुरात फुगवटा वर चढला आणि वीजघर पाण्याखाली. जाहिरातीत सरदार सरोवराची वीज हजारो मेगावॉटच्या भाषेत सांगतात. आमचे १५ किलोवॉट त्यात कुठे गेले ते मोजणाऱ्याला कळलंही नसेल.

तेव्हा दादा, टर्बाइन वाईट नसतं. ते कोणी, कोणाच्या पाण्यावर, कोणाला विचारून बसवलं एवढंच बघा. आमचं आम्ही बसवलं होतं. तुमचं कोणीतरी येऊन बसवतंय.

---

केळीबाग_रावेर · मंगळवार, दुपारी २.१०

@डोंगरवाट, शब्द मागे घेतो. बिलगावचं ऐकून होतो, एवढं माहीत नव्हतं.

---

जळगावकर७८ · मंगळवार, दुपारी ३.२२

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

संपादक मंडळ · मंगळवार, दुपारी ३.५०

कोणत्या पक्षाने कोणतं धरण अडवलं यासाठी दुसरा धागा काढा. इथे बंधाऱ्यावर बोला.

---

पाटकऱ्याचा_नातू · मंगळवार, रात्री ८.५५

सरपंचांकडून कागदाचा फोटो मिळाला. मराठीत दोन पानं, बाकी इंग्रजी. मराठीतली दोन वाक्यं जशीच्या तशी देतो:

"विद्यमान बंधाऱ्याचे बळकटीकरण व माथापातळी १.५ मीटरने उंचावणे."

"निर्मितीचा कालावधी: सायंकाळी ६ ते रात्री १०.३०."

बळकटीकरण चांगलंच आहे ना? उजव्या बाजूचे दगड निखळलेत, खात्याकडे अर्ज करून करून थकलो. पण दुसरं वाक्य कळलं नाही. साडेचार तासच का चालवणार?

---

टर्बाइन_मिस्त्री · मंगळवार, रात्री ९.३०

सापडलं. याचीच वाट बघत होतो.

१८ किलोवॉट दिवसभर चालवले तर ४३२ युनिट होतात. तेच ४३२ युनिट १०० किलोवॉटच्या यंत्रातून काढायचे तर किती तास? ४.३. म्हणजे चोवीस तासांचं पाणी अडवायचं, आणि साडेचार तासांत धाडकन सोडायचं. दिवसाचं पाणी ७३ हजार घनमीटर होतं, ते ठेवायला जागा हवी, म्हणून दीड मीटर उंची. बळकटीकरण हे त्याचं बारशाचं नाव. उंची वाढली की वीजही थोडी जास्त, तास थोडे वाढतील, हिशोब तोच. संध्याकाळच्या विजेला भाव चांगला मिळतो, सौरवाल्यांचं दुकान तेव्हा बंद झालेलं असतं. धंदा म्हणून चोख डोकं आहे.

पण मग हा "वाहत्या पाण्यावरचा" प्रकल्प राहिला नाही. रोज साडेएकोणीस तास तुमच्या बंधाऱ्याखाली नदी कोरडी, आणि साडेचार तास १७० क्युसेकचा लोंढा. पाणी "जसंच्या तसं" परत जातं हे खरंच आहे. वेळ परत जात नाही.

---

पाटकऱ्याचा_नातू · मंगळवार, रात्री ९.४८

माझ्या डोक्यात हे आलंच नव्हतं. आणि आमच्या खाली दोन मैलांवर पुढचा बंधारा आहे. आमच्यावरून सांडलेलं नि दगडांतून झिरपलेलं पाणी हाच त्यांचा हक्क. आजोबांच्या वेळी टंचाईत बंधाऱ्या-बंधाऱ्यांत पाळी लागायची, खालच्या गावची माणसं येऊन वरच्या बंधाऱ्यावर बसायची. त्यांचा पाट संध्याकाळी सहाला भरणार आणि साडेदहाला आटणार? रात्रीच्या साडेचार तासांत कोणतं थळ भिजतं?

---

शिरपूरची_माहेरवाशीण · बुधवार, सकाळी ११.१५

एरवी मी फक्त वाचते, पण एक गोष्ट कोणीच लिहिली नाही. संध्याकाळी सहाला नदीवर कोण असतं? गुरं पाजायला नेलेली पोरं. धुणं उशिरा आटपणाऱ्या बाया. पावसाळ्यात लोंढा येतो तेव्हा आपण सावध असतो, आभाळ दिसतं, आवाज येतो. जानेवारीत कोरड्या नदीत कोण सावध राहील?

२०१४ च्या जूनमध्ये हिमाचलात ब्यास नदीच्या पात्रात फोटो काढायला उतरलेले इंजिनीअरिंगचे २४ विद्यार्थी असेच गेले. वरच्या वीजप्रकल्पाने पाणी सोडलं होतं. तो प्रकल्प मोठा होता, मान्य. पण गुडघाभर पाण्यातलं पोर वाहून जायला मोठा प्रकल्प लागत नाही.

भोंगा बसवतील म्हणतील. भोंगा रोज वाजला की आठ दिवसांनी कोणी मान वर करत नाही. त्यापेक्षा पाणी हळूहळू वाढवायचं बंधन घाला, अर्ध्या-पाऊण तासात थोडं थोडं. मिस्त्रीभाऊ, हे होतं का?

---

टर्बाइन_मिस्त्री · बुधवार, सकाळी ११.४०

होतं, ताई. जगभर करतात. वीज थोडी जाते म्हणून टाळतात. पण मुळात साठवूनच सोडायचं नाही ही अट घातलीत तर भोंगाही नको नि पायरीही नको.

---

भोईराज_प्रकाशा · बुधवार, रात्री ८.०८

माशांचं मी बोलतो. आमचं घर तापीवर जगलेलं. सुलवाडे, सारंगखेडा, प्रकाशा असे लागोपाठ बॅरेज झाले. शेतीला पाणी थांबलं, उपसा योजना चालल्या, नाही म्हणत नाही. पण वाहत्या पाण्याचा मासा वेगळा आणि थांबल्या पाण्याचा वेगळा. थांबल्या पाण्यात कटला, तिलापिया होतो. वांब आता आमच्या जाळ्यात क्वचित. वांबीला खाली समुद्राकडे जावं लागतं, पिल्लं वर येतात. वाटेत भिंतीच भिंती. महाशीर तर माझ्या बापाने पाहिलेला, मी नाही.

हतनूरचे ४१ दरवाजे आहेत. पावसाळ्यात ते उघडले की आमच्या मोबाइलवर मेसेज पडतात, डोंग्या वर ओढतो. मेसेज येतो कारण धरण मोठं आहे, सरकारी आहे. गावच्या शंभर किलोवॉटचा मेसेज कोण टाकणार?

तुमचा बंधारा लहान, मान्य. पण पांझरेवर असे किती आहेत ते मोजा. एकाला परवानगी मिळाली की तोच माणूस पुढच्या गावात लॅपटॉप उघडेल.

---

टर्बाइन_मिस्त्री · बुधवार, रात्री ९.००

भोईराजांचा शेवटचा मुद्दा कागदोपत्री कोणी बघतच नाही, आणि तोच सगळ्यांत जड आहे. एकेक प्रकल्प बघितला तर लहान. एका नदीवर दहा बघितले तर नदी म्हणजे टाक्यांची माळ. चीनने हे करून बघितलंय. यांगत्सेच्या खोऱ्यात हजारोंनी लहान वीजघरं, कित्येक ठिकाणी मधलं पात्र ठणठणीत. २०१८ नंतर त्यांना ती तपासून काही हजार बंद करायची आणि उरलेल्यांना किमान पाणी सोडायला लावायची मोहीमच काढावी लागली.

माशांसाठी करता येतं ते: तोंडाशी बारीक जाळी, आणि तिथे पाण्याचा वेग इतका कमी की मासा जाळीला चिकटणार नाही. कमी उंचीला आर्किमिडीजच्या स्क्रूचं यंत्र. रहाटाचा नि बोल्टचा भाऊ म्हणा, सावकाश फिरतं, बऱ्याच जातींचा मासा त्यातून जिवंत उतरतो. वर चढायला बाजूने दगडगोट्यांचा ओढा काढायचा. काँक्रीटच्या जिन्यापेक्षा आपल्या माशांना तो मानवतो.

आणि गाळ. पांझरेचं पाणी पावसाळ्यात बासुंदीसारखं असतं. बंधारा दीड मीटर वाढवला की गाळ मागे बसणार, पाटाच्या तोंडाशी येणार. दरवर्षी तो कोण काढणार आणि कोणाच्या खर्चाने, हे करारात नसलं तर तुम्हीच, तुमच्या खर्चाने.

अवांतर: लहान पाणयंत्र आपल्याला नवीन नाही. छत्रपती संभाजीनगरची पाणचक्की बघा, नहरीच्या पाण्यावर दळण दळायची. नदी अडवली नव्हती, आलेल्या पाण्याकडून जाता जाता काम करून घेतलं. दार्जिलिंगजवळचं सिद्रापोंगचं वीजघर १८९७ चं, १३० किलोवॉटचं, देशातलं पहिलं. आपला धंदा लहानापासूनच सुरू झाला.

---

वकील_धुळे · बुधवार, रात्री ११.२०

कोर्टातून आत्ता मोकळा झालो. मुद्दे सुटे सुटे टाकतो.

पर्यावरण मंजुरी: २००६ च्या अधिसूचनेत जलविद्युतला २५ मेगावॉटपासून पुढे मंजुरी लागते. खाली आघात अहवाल नाही, जनसुनावणी नाही. म्हणून देशभर २४ पूर्णांक काहीतरी मेगावॉटचे प्रकल्प उगवतात, कर्नाटकात पश्चिम घाटात यावरून हायकोर्टापर्यंत रामायण झालं. तुमचे १०० किलोवॉट तर गणतीतच नाहीत. म्हणजे तुमच्यासाठी जनसुनावणी कोणती? ही रविवारचीच. दुसरी होणार नाही.

किमान प्रवाह: २०१७ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने सगळ्या राज्यांना सांगितलंय की नद्यांत उन्हाळी सरासरी प्रवाहाच्या १५ ते २० टक्के पाणी राहिलंच पाहिजे. पण आपल्या नद्यांची गंमत अशी की पांझरेचं उन्हाळी पाणी शून्याजवळ, शून्याचे २० टक्के शून्यच. त्यामुळे टक्केवारीवर सही करू नका. लिहून घ्या: बंधाऱ्यात जेवढं येईल त्यातून पाटाचं वजा जाता सगळं त्याच वेळी खाली जाईल. लिटर-सेकंद, टक्के, काही नको.

हक्क: फडाचे बंधारे इंग्रजांच्या काळी दुसऱ्या वर्गाची पाटबंधारे कामं म्हणून धरत, त्यांच्या पाण्याची हक्कनोंद व्हायची. तुमच्या बंधाऱ्याची निघते का बघा, जुन्या दफ्तरात मोडीत असेल तर मी वाचून देतो. खालच्या गावाचा हक्क त्यात असेल तर तुमच्या एकट्या ग्रामसभेच्या ठरावाला अर्थ नाही, त्यांनाही बोलवावं लागेल.

तुमचं गाव अनुसूचित क्षेत्रात येतं का तेही पाहा. साक्रीचा पश्चिम भाग येतो. येत असेल तर पेसामुळे (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना जादा अधिकार देणारा कायदा) ग्रामसभेचं वजन वेगळं.

आणि @डोंगरवाट, तुमच्यासाठी: २००६ च्या वनहक्क कायद्यात कलम ३(२) आहे. गावच्या तेरा सोयींसाठी एक हेक्टरखालची वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते, हेक्टरी ७५ झाडांच्या आत. शाळा, दवाखाना, पाट यांच्याबरोबर त्यात अपारंपरिक ऊर्जाही आहे. गावाला स्वतःचं बिलगाव पुन्हा उभं करायचं असेल तर दार तिथे आहे.

---

डोंगरवाट_धडगाव · गुरुवार, सकाळी ६.३०

वकीलसाहेब, हे छापून घेतो. ग्रामसभेच्या फळ्यावर लावतो. बारमाही धारा आमच्याकडे अजून आहेत, जंगल उरलंय तिथे. जंगल गेलं तिथली धार दिवाळीला संपते. मिस्त्रींनी हा हिशोब मांडला नाही: वरचं झाड हेच खालचं टर्बाइन.

---

केळीबाग_रावेर · गुरुवार, सकाळी ७.१०

एक व्यवहाराचं. पुढे गावात लाइट सुधारली, सौर आलं, तर हे लहान वीजघर भंगारात जातं ना? आमच्याकडे सौर पंप आल्यावर डिझेल इंजिनं गोठ्यात पडलीत तसं.

---

टर्बाइन_मिस्त्री · गुरुवार, सकाळी ९.२५

नेपाळात हेच झालं. डोंगरातल्या गावांनी जीव ओतून लहान वीजघरं बांधली, मोठी लाइन आली आणि लोकांनी मीटर बदलले. बरीच बंद पडली. २०१८ मध्ये नुवाकोटच्या स्याउरेभूमीचं २३ किलोवॉटचं वीजघर मोठ्या लाइनला जोडलं गेलं, तिथलं पहिलंच. मग ते गाव वीज घेणाऱ्याचं वीज विकणारं झालं. म्हणून धडगावसारख्या ठिकाणी बांधताना पहिल्या दिवसापासून जोडणीचा विचार ठेवा. आणि दुरुस्ती येणारा माणूस गावात हवा. बेअरिंग गेलं नि मिस्त्री नाशिकहून यायचा असेल तर ते यंत्र दुसऱ्या पावसाळ्यात मेलं समजा. मी अशी पुष्कळ प्रेतं पाहिलीत.

---

शिरपूरची_माहेरवाशीण · गुरुवार, दुपारी १२.४५

आणि त्या दोन नोकऱ्यांत एक बाईला द्या म्हणा. दरवाजाचं वेळापत्रक नदीवर जाणारीलाच नीट कळेल. ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा होते ना, तिथे हा विषय आला का?

---

पाटकऱ्याचा_नातू · गुरुवार, दुपारी १.०५

नाही आला, ताई. आज सांगतो ग्रामसेवकांना.

---

अहिराणी_भो · शनिवार, रात्री १०.००

उद्या ग्रामसभा शे. वांगानं भरीत शे का नही, ते पहिले इचारा. भरीत ऱ्हायनं ते सह्या पटापट व्हतस.

---

पाटकऱ्याचा_नातू · सोमवार, रात्री ९.४०

झाली सभा. भरीत नव्हतं, वडापाव होता.

शनिवारी खालच्या गावच्या पंचांना जाऊन निरोप दिला होता, अकरा जण आले. साहेब लोकांना ते अपेक्षित नव्हतं. मी मिस्त्रींचं गणित फळ्यावर मांडलं: १८, ४३२, ४.३. मोठे साहेब म्हणाले, साठवण "अगदी थोडी" आहे. मी विचारलं, दिवसभराचं पाणी थोडं का? मग म्हणाले, तांत्रिक बाब आहे, सविस्तर अहवालात येईल. वकीलसाहेबांचं वाक्य वाचून दाखवलं, "येईल तेव्हाच खाली जाईल." हे करारात घालता का? म्हणाले, मग १०० चा प्रकल्प होत नाही. १८ चा करा म्हटलं. १८ परवडत नाही.

बायकांकडून माझ्या चुलतीने विचारलं, सहा वाजता पाणी सुटणार तर गुरं किती वाजता पाजायची? त्यावर त्यांनी भोंगा सांगितला. सगळ्या हसल्या, का ते त्यांना कळलं नाही.

सगळ्यांत शेवटी आमचे जुने हवालदार उठले. वय ऐंशीच्या वर, कानाने कमी. त्यांना किलोवॉट वगैरे काही समजलं नव्हतं. त्यांनी एवढंच विचारलं, "पाटाच्या दाराची किल्ली कोणाकडं ऱ्हाईन?" साहेब म्हणाले, दार आता मोबाइलवरून उघडेल, पुण्याच्या ऑफिसातून. म्हातारबा थोडा वेळ उभेच राहिले. मग म्हणाले, "मंग रात्री खालच्या गाववाला इथं येईसन कोनासंगे भांडी?"

ठराव झाला नाही. विषय पुढच्या सभेवर ढकललाय. दीड मीटरचं काम वगळून नवीन कागद आणतो म्हणालेत, बघू. उजव्या बाजूचे निखळलेले दगड बसवायला मात्र दोन्ही गावांनी येत्या अमावास्येला श्रमदान ठरवलंय. ट्रॅक्टर खालच्या गावाचा, मुरूम आमचा. मिस्त्री, शिरपूरला आलात तर एक दिवस या. पाटाचं पाणी नीट मोजून घ्यायचंय, आजवर सगळे अंदाजच सांगत आलो.

---

टर्बाइन_मिस्त्री · सोमवार, रात्री १०.०२

येतो. रिकामी बादली, दोरी आणि चार संत्री ठेवा. संत्रं बहुतेक सगळं बुडून तरंगतं, वाऱ्याने भरकटत नाही. पाण्याचा वेग मोजायला त्याहून स्वस्त यंत्र नाही. उरलेली खाऊ.